चौथा प्लग

आमच्या घरातून बाहेर पडायचं तर गाडीची परवानगी लागते. घर दोन घरांच्या मध्ये दाबून बसवलेलं, पुढची खोली दुकानाला दिलेली, त्यामुळे येण्याजाण्याचं दार बाजूच्या बोळात. आणि त्याच बोळात गाडी. एका अंगाला शेजाऱ्यांची भिंत, दुसऱ्या अंगाला आमचं दार, तेही बाहेर उघडणारं. गाडी आत असली की दार वीतभर सरकतं आणि तिच्या पत्र्याला टेकतं. मग श्वास सोडायचा, पोट आत ओढायचं आणि तिरकं व्हायचं. पंचवीस वर्षांत माझं पोट वाढलं, बोळ मात्र आहे तेवढाच राहिला.

त्या शनिवारी सकाळी सहाला मी अशीच तिरकी होऊन बाहेर डोकावले, तर ह्यांनी गाडीचं बॉनेट उघडलेलं आणि बाह्या वर सारलेल्या.

"आता हे काय काढलंत?"

"प्लग बदलतो. लांबचा रस्ता आहे, नवे टाकलेले बरे. दहा मिनिटांचं काम."

रस्ता खरंच लांबचा होता. एकशे चाळीस किलोमीटर, त्यात अर्धा घाट, म्हणजे तीन तास. त्या टोकाला एक मोठं इस्पितळ, आणि इस्पितळात कपड्यांचा विभाग. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले, सगळं तिथेच शिवतात, तिथेच दुरुस्त करतात. त्या विभागावर त्यांना एक बाई हवी होती आणि त्यांनी मला निवडलं होतं. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी! राहायला खोली, पंधरवड्याला दोन दिवस घरी. मेट्रनबाईंनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "शनिवारी चार वाजेपर्यंत येऊन सही करायची. नाही आलात तर मी यादीतल्या पुढच्या बाईंना बोलावणार. मला सोमवारी माणूस लागतं." आणि स्वतःचं मशीन आणलं तर बरं, असंही म्हणाल्या होत्या. माझं मशीन चाळीस किलोचं. आदल्या संध्याकाळीच आम्ही दोघांनी ते उचलून गाडीत मागे ठेवलं होतं.

मी जाते म्हटल्यावर हे म्हणाले होते, "जा की. मी कधी अडवलंय?" आणि ते खरंच आहे, त्यांनी कधीच अडवलं नाही. फक्त महिनाभर घरातल्या एकेक वस्तू दुरुस्तीला काढल्या. खिडकीचा खिट्टा झाला, माझ्या बॅगेची चेन झाली, गळती मोरी झाली. मला निरोप द्यायचा तर आधी सगळं घर ठीकठाक व्हायला हवं, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात होतं. यादी संपत आली की तिला खालून नवी शेपटी फुटायची. आज सकाळी सहाला फुटलेली शेपटी म्हणजे हे प्लग.

गाडीला चार प्लग असतात. पहिला निघाला, दुसरा निघाला, तिसरा कुरकुरत निघाला. चौथा पार मागच्या टोकाला, जिथे हात धड पोचत नाही तिथे. तो हलेना.

"राहू द्या ना तो एक जुना," मी शिवणाच्या खिडकीतून म्हटलं. माझी शिवणाची खिडकी बोळातच उघडते, बरोबर बॉनेटसमोर. पंचवीस वर्षं मी त्या खिडकीतून गाडीच्या नाकाकडे बघत शिवलंय.

"तीन नवे नि एक जुना? खुर्चीला तीन पाय नवे लावतं का कुणी?"

"मला बसायचं नाहीये खुर्चीवर, मला जायचंय."

"अगं, पाच मिनिटं!"

इथे आमच्या घराचा एक आजार सांगायला हवा. माझे सासरे, आबा, पाणीपुरवठा खात्यात पाइप बसवायच्या कामावर होते. पस्तीस वर्षं. गळती हा त्यांचा जन्माचा वैरी. कुठलीही गोष्ट घट्ट बसली की ते तिला वर आणखी अर्धा आटा देतात, मनाच्या समाधानासाठी. त्यामुळे आमच्या घरातले नळ दोन हातांनी सोडावे लागतात. साखरेची बरणी उघडायला घरात पुरुषमाणूस असावं लागतं. मी लग्न करून आले तेव्हा पहिल्याच सकाळी चहा करायला गेले आणि साखर मिळवण्यासाठी नवऱ्याला झोपेतून उठवलं. त्याला वाटलं, नवी नवरी लाडात आलीय.

तोच हात पुढे ह्यांच्याकडे आला. समोरच्या गॅरेजमधला मेकॅनिक आमची गाडी बघायचा, पण एकदा आबांनी आवळलेले चाकाचे नट सोडवताना त्याचं मनगट लचकलं, तीन आठवडे हात गळ्यात. तेव्हा भर रस्त्यात उभा राहून तो म्हणाला, "ज्या गाडीला आबांचा हात लागलाय, तिला मी शिवणार नाही." तेव्हापासून गाडी घरीच दुरुस्त होते. म्हणजे आबांच्या हातून, आणि आबांचे हात थरथरायला लागल्यापासून ह्यांच्या हातून.

पावणेसातला ह्यांनी पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइपचा तुकडा चढवला, म्हणजे जोर वाढतो. मी म्हटलं, "अहो, जपून." ते म्हणाले, "ठाऊक आहे मला." आणि सगळं अंग त्या दांड्यावर टाकलं.

कट् असा आवाज आला. मोठा नाही. दोरा तुटताना येतो ना, त्याचा थोरला भाऊ.

पान्याबरोबर प्लगचं डोकं हातात आलं, आतल्या पांढऱ्या चिनीमातीसकट. खालची आट्यांची नळी तशीच इंजिनात रुतून बसली.

"काढतो," ते म्हणाले. "आत्ता काढतो."

सातची बस आमच्या रस्त्यावरून जाते. दिवसातून ती एकच त्या बाजूला जाते. मी खिडकीत उभी होते, बॅग खांद्याला, चपला पायात. मशीन तिथेच ठेवून नुसत्या बॅगेनिशी धावले असते तर पोचले असते. पण दारात हत्यारांची पेटी, तिच्यापुढे हे, त्यांच्यापुढे उघडं बॉनेट. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, काढतील. कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला. मी जागची हलले नाही. ती चूक माझी. ती मी दुसऱ्या कुणाच्या खात्यावर टाकणार नाही.

नंतर मी भाड्याच्या गाड्यांना फोन केले. आमच्या भागात दोनच. एकजण लग्नाचं वऱ्हाड घेऊन गेलेला, दुसरा म्हणाला तीनला मोकळा होतो. तीनला निघून चारला पोचायला मला उडावं लागलं असतं. हिशेब सोपा होता. आमची गाडी एकच्या आत बोळातून बाहेर पडली तर मी जाणार. नाही पडली तर नाही.

आठपर्यंत ह्यांनी नळीत तेल सोडलं. नऊपर्यंत ठोकलं. दहाला ते पायरीवर बसले आणि काळे हात गुडघ्यांवर ठेवून म्हणाले, "सोमवारी बघू. सोमवारी तालुक्याला जाऊन एखादं हत्यार आणतो. तू बाईंना फोन करून सांग ना, दोन दिवस उशीर होईल म्हणून. माणसंच आहेत ती पण."

"त्यांनी यादी केलीय हो."

"मग काय, दुसरीकडे बघू. तुझ्या हातात कला आहे. कुठेही मिळेल."

आवाज इतका मऊ होता की मला धडकीच भरली. मुलगी परगावी शिकायला गेली त्याला पाच वर्षं झाली, आता ती तिकडेच नोकरीला चिकटलीय. या पाच वर्षांत मी अकरा ठिकाणी अर्ज केले होते. अकरा. हे ह्यांना ठाऊक होतं, पण आकडा ठाऊक नव्हता. बॉनेट उघडं, दार वीतभर, आणि मी आत. शेजाऱ्यांची भिंत तर माझ्या डोळ्यांनी झिजलेली. तिच्यावरचा प्रत्येक पोपडा मला पाठ आहे. त्या क्षणी मला दिसलं की ह्या भिंतीकडे बघत मी साठीची होणार, आणि त्यात कुणाचाच दोष नसणार. सगळे माझ्याशी चांगलेच वागलेले असणार.

मी माझा छोटा टॉर्च घेतला, सुईत दोरा ओवताना लागतो तो, आणि बाहेर गेले. श्वास सोडून, तिरकी होऊन, ह्यांच्या पायांवरून.

गाडीच्या नाकापुढे, बोळाच्या बंद टोकाला, आबा त्यांच्या वेताच्या खुर्चीत बसले होते. सकाळी साडेसहापासून. आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की आबा बोललेच नव्हते. मी केळं सोलत असले तरी मला दोन सूचना करणारा माणूस, आपल्या मुलाने पान्यावर पाइप चढवून जोर लावला तरी गप्प. टोपी कपाळावर, हात मांडीखाली, नजर भिंतीवर.

मी वाकून टॉर्च त्या भोकात धरला. प्लगची नळी दिसत होती, काठाला मोडलेली, काळी. आणि नळी नि इंजिन यांच्या मधल्या चिरेत काहीतरी पांढरट, दगडासारखं. त्यातून एक बारीक टोक वर आलं होतं. मी शिवणाचा चिमटा आणला, ते टोक धरलं आणि अलगद ओढलं. बोटभर तुकडा आला. तळहातावर घेऊन बघितला.

जगातल्या खूप गोष्टी मला कळत नाहीत, पण दोरा कळतो. तीन पदरी, उजवा पीळ, मेण लावलेला. ताडपत्री शिवायचा.

"अहो," मी म्हटलं, "हा दोरा आहे. माझा."

"इंजिनात कुठला दोरा?" हे पायरीवरूनच म्हणाले.

मी आबांकडे बघितलं. आबांनी भिंतीकडे जास्तच निरखून बघायला सुरुवात केली.

"आबा?"

"फुसफुसत होता तो," आबा म्हणाले. "आठ वर्षांपूर्वी. प्लगच्या कडेने हवा येत होती. गळती म्हणजे गळती, पाण्याची काय नि हवेची काय. मग मी सफेदा लावला. वर दोरा गुंडाळला. तूच दिला होतास."

दिला होता. आठवलं मला. "मजबूत दे, सूनबाई," म्हणाले होते, आणि मी चांगला हातभर कापून दिला होता, काय करायचंय हेही न विचारता. सफेदा म्हणजे नळाच्या जोडाला लावायचा पांढरा लगदा. सुकला की दगड होतो. त्याला आठ वर्षं इंजिनाची भट्टी मिळालेली.

"आबा!" हे ताडकन उठले. "नळ होता का तो? स्पार्क प्लगला कुणी सफेदा लावतं? पाण्याची टाकी आहे का ही?"

"आठ वर्षांत फुसफुसला का एकदा तरी?"

हे आत निघून गेले आणि स्वयंपाकघरात भांडी आपटायला लागले. म्हणजे चहा करत होते.

मी बोळातून सरकत रस्त्यावर आले आणि समोरच्या गॅरेजात गेले. मेकॅनिक एका टेम्पोखाली आडवा होता. बाहेर फक्त पाय.

"दादा," मी पायांना म्हटलं.

"येणार नाही, वहिनी," पाय म्हणाले. "सकाळपासून ठोकाठोकी ऐकतोय. आबांची गाडी आहे ना? मग नाही."

"येऊ नका. नुसतं ऐका." आणि मी सांगितलं, सफेदा आणि दोरा.

टेम्पोखाली आधी काहीच झालं नाही. मग पाय हलायला लागले. मग हातातला पाना खाली पडल्याचा आवाज आला आणि तो माणूस पाठीवर सरकत बाहेर आला, डोळ्यांत पाणी, नुसता हसतोय. "सफेदा! वहिनी, वीस वर्षं हा धंदा करतोय मी... स्पार्क प्लगला!" हसता हसता माझा चेहरा दिसला असावा, कारण तो उठून बसला. "आजच जायचंय ना तुम्हाला? त्या इस्पितळात?"

"एकच्या आत निघाले तर."

त्याने हात पुसले, भिंतीवरच्या फळीवरून एक डबा काढला आणि त्यातून करंगळीएवढा पोलादी खिळा दिला, उलट्या आट्यांचा. "हा नळीत ठोकायचा आणि डावीकडे फिरवायचा. तो आत रुतत जातो आणि नळीला बाहेर आणतो. पण एक ऐका. हा खिळा काचेसारखा असतो. हिसका दिला आणि आत मोडला, तर मग इंजिनाचं अख्खं डोकं उतरवायचं. आठ दिवस. सफेदा सुटल्याशिवाय ह्याला हात लावू नका."

"सफेदा कसा सोडवायचा?"

"मला काय ठाऊक? मी काय पाइपवाला आहे?" तो पुन्हा टेम्पोखाली सरकला. पाय म्हणाले, "ज्याने जन्मभर तो लावला, त्याने तो काढलाही असेलच की."

मी परतले तेव्हा हे अजून आतच होते. आबा खुर्चीत. मी गाडीला पाठ लावून त्यांच्यासमोर उभी राहिले. तिथे दुसरं कसं उभं राहताच येत नाही. त्यांचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागत होते.

"आबा, तुमच्या कामावर असा जुना जोड अडकला तर काय करायचात?"

"पाइप कापायचा. नवा टाकायचा."

"आणि कापता येत नसला तर?"

आबांनी टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली.

"जाळायचो," ते म्हणाले.

"म्हणजे कसं?"

"आतून तापवायचं. दोरा जळून राख झाली की सफेद्याला धरायला काही उरत नाही. भुगा होतो. फिरतं मग."

"किती वेळ लागतो?"

"पाऊण तास. नीट केलं तर."

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"आबा, सकाळी साडेसहापासून तुम्हाला हे ठाऊक होतं."

"मला विचारलं कुणी?"

"कुणी विचारायची वाट बघताना तुम्हाला मी अजून तरी पाहिलं नाही."

ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. मांडीखालचे हात त्यांनी बाहेर काढले.

"तू गेलीस की ह्या घरात आम्ही दोघं," ते म्हणाले. "मी आणि तो. तो माझ्याशी कधी बोलतो, सांग? तुला म्हणतो, 'आबांना विचार, जेवणार का.' मी इथे असतो, दोन हातांवर. मी तुला म्हणतो, 'हो म्हणून सांग.' ही गेल्यापासून नऊ वर्षं असंच चाललंय." ही म्हणजे माझ्या सासूबाई. "तू गेल्यावर कोण कुणाला काय विचारणार? म्हटलं, नाही निघाला प्लग तर नाही निघाला. मी काही केलं तर नाही. मी नुसता बसलो."

मला राग आला. खूप आला. त्यांनी मला कोंडून ठेवलं असतं, कुलूप लावलं असतं, तर मी ते फोडलं असतं. पण नुसतं बसून राहिलेल्या म्हाताऱ्याचं काय फोडणार? आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते म्हणत होते ते खोटं नव्हतं. त्या दोघांमधला निरोप्या मीच होते. मला कधी त्याचं काही वाटलंही नव्हतं, घरात एक खिळा कमी असावा आणि त्या जागी आपण बोट घालून उभं राहावं, तसं.

"आबा," मी म्हटलं, "चारच्या आत मी पोचले नाही तर मी इथेच राहीन. कुठे जाणार? आणि रोज सकाळी खिडकीतून मला ही खुर्ची दिसेल. तिच्यात बसलेले तुम्ही दिसाल. रोज. चालेल?"

आतून भांडी वाजायची थांबली.

"सळई आण," ते म्हणाले. "बोटाएवढ्या जाडीची. जुन्या पडद्याची असेल माळ्यावर."

ह्यांना मी एवढंच सांगितलं, की आबांना एक युक्ती आठवलीय. बाकीचं मी अजूनही सांगितलेलं नाही. ह्यांनी बॅटरीच्या तारा काढल्या, पेट्रोलच्या नळीवर ओली पोती टाकली. स्वयंपाकघराच्या शेगडीवर मी सळईचं टोक लाल केलं आणि खिडकीतून बाहेर दिलं. हे तिला चिंधीने धरून नळीत घालायचे. थंड झाली की परत आत, माझ्याकडे. मग दुसरी फेरी.

पहिल्या फेरीला आबा म्हणाले, "सूनबाई, त्याला सांग, मधोमध धर. एका बाजूला टेकवू नको."

हे म्हणाले, "आबांना सांग, मला दिसतंय."

मी लाल सळई हातात धरून खिडकीत उभी. "मी काही सांगणार नाही," मी म्हटलं. "तुमच्यात तीन फुटांचं अंतर आहे. माझ्या हातात विस्तव आहे. काय बोलायचं ते आपापसात बोला."

दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू टेलिफोनच बोलायला लागला.

दुसरी फेरी मुकाट्याने झाली. तिसऱ्या फेरीला सळई तिरकी झाली आणि आबांच्या तोंडून निघून गेलं, "अरे, मधोमध!" हे म्हणाले, "हात पोचत नाही, आबा, मागे लोखंड आहे." आबा म्हणाले, "डाव्या हाताने धर. मी तुला डाव्या हाताने पाना धरायला शिकवलं होतं." हे म्हणाले, "शिकवलं कुठे? रागावला होतात." "तेच शिकवणं." पण सळई डाव्या हातात गेली.

पाचव्या फेरीला धूर आला. बारीक, निळा, आणि जळक्या मेणाचा वास. माझ्या दोऱ्याचं मेण. सातव्या फेरीला धूर थांबला. घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"आता खिळा," आबा म्हणाले. "ठोक. हळू. आता डावीकडे. पाव आटा. थांब! आता परत उजवीकडे, जरासा. भुगा मोकळा होऊ दे. आता डावीकडे."

हे घामाघूम झाले होते. ज्या हातांना फक्त आवळणं ठाऊक, त्या हातांना असं भीतभीत फिरवणं किती जड जातं ते मला खिडकीतून त्यांच्या मानेवर दिसत होतं. कर्र झालं. मेकॅनिकने आठ दिवस म्हटलं होतं.

"मोडला?" मी विचारलं.

"श्श!" दोघं एकदम म्हणाले.

पुन्हा कर्र. मग एक मऊ, जवळजवळ कंटाळल्यासारखा आवाज, आणि पान्याबरोबर ती नळी वर आली. काळी, सडकी, राखेने भरलेली. ह्यांनी ती तळहातावर घेतली आणि आबांपुढे धरली. आबांनी ती उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, "बघ. गळती नव्हती."

आतली राख टिपायला, ग्रीस लावलेल्या चिंध्या फिरवायला, नवे चार प्लग बसवायला आणखी अर्धा तास गेला. गाडी तीनदा खोकली. चौथ्यांदा सुरू झाली. बोळात एवढा धूर झाला की शेजारीण ओरडली.

"मी कपडे बदलून येतो," हे म्हणाले. "हे हात धुतो. दहा मिनिटं."

त्यांनी मला पोचवायचं आणि गाडी घेऊन परत यायचं, असं ठरलेलं होतं. मी त्यांच्या हातांकडे बघितलं. कोपरापर्यंत काळे. ते हात दहा मिनिटांत धुवून होणार नव्हते, आणि धुवून झाले असते तरी तोवर बॉनेटची बिजागरी कुरकुरते हे त्यांच्या लक्षात आलं असतं.

"तुम्ही थांबा," मी म्हटलं. "मी जाते."

"एकटी? घाटातून?"

"मुलीला क्लासला कोण नेत होतं?"

"गावातल्या गावात! आणि बोळातून मागे कधी घेतलीयस तू? नेहमी मी काढून देतो."

"आज नका काढून देऊ. पंधरा दिवसांनी आणते परत. आबांजवळ कुणीतरी हवं ना."

ह्यांनी काळे हात पँटला पुसले. मग म्हणाले, "आरसे मिटून घे. भिंतीकडचा आधी."

पुढचं थोडक्यात सांगते. चार वाजायला सात मिनिटं कमी असताना मी सही केली. माझ्या नखांत ग्रीस होतं आणि मेट्रनबाईंनी ते बघितलं, पण त्यांनी काही विचारलं नाही. सोमवारी त्यांना माणूस लागत होतं.

पण मला तो बोळ सांगायचाय. गाडी नाकाने आत असल्यामुळे बाहेर पडायचं ते उलटं. दोन्हीकडे जेमतेम वीत-वीत जागा. मी मान वळवून मागच्या काचेतून रस्त्याचा उजेड बघत होते, एवढासा, उभा. गाडी वीतभर सरकवायची, थांबायचं. पुन्हा वीतभर. भिंतीवरचे माझे पाठ असलेले पोपडे एकेक करून खिडकीसमोरून पुढे जात होते. मध्ये एकदा पत्रा खरवडला. मी थांबले नाही. मला सारखं वाटत होतं, की आता अडकणार, आणि मग हे येणार, म्हणणार, राहू दे, मी काढून देतो.

अडकले नाही. मागची चाकं रस्त्याला लागली, मग पुढची. मी आरसे उघडले आणि समोर बघितलं.

बोळात गाडी नव्हती. इतकी वर्षं मी तो बोळ गाडीशिवाय नीट पाहिलाच नव्हता. केवढा रुंद होता! आमचं दार सताड उघडं, भिंतीपर्यंत. एका टोकाला आबा खुर्चीत, अलीकडे हे, काळे हात अंगापासून लांब धरून. मध्ये काहीच नाही. दोघांनाही उभं कुठे राहायचं, बघायचं कुठे, ते कळत नव्हतं. ह्यांनी माझ्याकडे बघून हात वर केला. मीही केला.

मग आबांनी काहीतरी म्हटलं. हे वळले. काचा बंद होत्या, मला ऐकू आलं नाही. हे काहीतरी म्हणाले, बोट माझ्या दिशेने, म्हणजे गाडीच्या दिशेने. आबांनी मान जोरात हलवली आणि ते खुर्चीतून उठायला लागले. हे दोन पावलं पुढे गेले.

भांडत होते. बहुधा मी गिअर कसा टाकला त्यावरून.

मागून कुणीतरी हॉर्न दिला, आणि मी निघाले.